सकाळच्या शिफ्टची राखण

२ मार्च

थोरल्या जाऊबाईंना,

साष्टांग वगैरे या खेपेला राहू दे. मागच्या फोनवर मी बोलत असताना तुम्ही मध्येच मीटिंग लागली म्हणून ठेवून दिलात, आणि परत काही केला नाहीत. मला कामावर फोन जवळ बाळगता येत नाही, दारावरच्या कपाटात टाकावा लागतो. म्हणून कागदावर लिहिते. कागद तरी शेवटपर्यंत वाचाल.

ठकीला मी न्यायला येणार आहे. एप्रिलात तिची शाळा संपली की लगेच. गेल्या वर्षी तुमच्याच दिवाणखान्यात बसून ठरलं होतं, की माझ्या कामाच्या वेळा बसेपर्यंत पोर तुमच्याकडे, आणि वेळा बसल्या की माझ्याकडे. हे बोललात तुम्हीच. मोठे भाऊजी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते, आणि तुमचे धाकटे दीर ट्रक गल्लीत आडवा लावलाय म्हणून सारखे खिडकीतून बघत होते. म्हणजे जे काही ठरलं ते आपल्या दोघींतच ठरलं.

तर, वेळा बसल्या. गोदामात मला आता सगळा आठवडा सकाळची शिफ्ट मिळते. शाळा सुटायच्या आत मी घरी असते. इथल्या शाळेत बोलून आले आहे, पहिलीत जागा आहे. माझ्या ट्रकवाल्यालाही कळवलं. तो खूश आहे, म्हणजे फोनवर "बरं" म्हणाला.

गेल्या वेळी मी आले तेव्हा ठकी मला बघून तुमच्या पाठीमागे लपली, आणि तुम्ही हसलात. मला हसू आलं नाही. पोटच्या पोरीनं पाहुणी आल्यासारखं बघितलं की काय होतं ते तुम्हाला लिहून कळणार नाही, म्हणून लिहीत नाही. तिचे कपडे तेवढे बांधून ठेवा.

धाकटी

•

९ मार्च

धाकटीस,

पत्र मिळालं. नमस्कार गाळलास, तो मी गृहीत धरते. तुझ्याकडून बऱ्याच गोष्टी गृहीतच धराव्या लागतात.

आता मुद्द्याचं. तू ज्या कंपनीच्या गोदामात खोकी भरतेस त्याच कंपनीच्या मुख्य कचेरीत मी काम करते, हे तू विसरलेली दिसतेस. गोदामांसाठी लवचिक शिफ्टची जी योजना आहे, "तुमचा वेळ, तुमची मर्जी", ती ज्या चौघांनी लिहिली त्यांतली मी एक. त्यामुळे मला तरी गोष्टी सांगू नकोस. शिफ्ट दर गुरुवारी संध्याकाळी फोनवर खुल्या होतात. जुन्या कर्मचाऱ्यांना आधी निवडता येतं, तुझ्यासारख्या नव्यांना मागून. सकाळच्या शिफ्ट नव्यांपर्यंत पोचतच नाहीत, हे आम्हाला आकडेवारीवरून माहीत आहे. आणि तुला म्हणे सगळा आठवडा सकाळ.

याचे दोनच अर्थ होतात. एक, तू पोरीला नेण्यासाठी खोटं बोलते आहेस. किंवा दोन, तुझ्या सुपरवायझरशी तुझं काहीतरी संधान आहे, आणि ते काय आहे हे मला जाणून घ्यायचं नाही.

ठकी इथे सुखात आहे. मी घरूनच काम करते, माझ्या टेबलाशेजारी तिचं छोटं टेबल आहे. जेवायला मी असते, शाळेतून आणायला मी असते. ती आली तेव्हा डोक्यात उवा होत्या आणि अक्षरओळख शून्य होती, आता ती गोष्टीचं पुस्तक एकटी वाचते. असल्या पोरीला मी एका थापेवर पाठवून देणार नाही. तुला सकाळची शिफ्ट कायमची कशी मिळाली ते पटेल असं सांग, मग बघू.

तुझी,
थोरली जाऊ

•

१४ मार्च

जाऊबाई,

संधान! तुमच्या तोंडून हा शब्द यायचाच बाकी होता. आमचा सुपरवायझर बोलताना नाकातून शीळ काढतो, सगळं गोदाम त्याला शिट्टी म्हणतं, आणि त्याच्याशी संधान बांधण्यापेक्षा मी खोक्यांशी बांधीन.

तुम्हाला पटेल असं सांगायचंय ना, मग ऐका. तिथे वर बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना हे कधी सुचणार नाही. तुमची मर्जी, तुमची मर्जी म्हणून भिंतीवर तुम्ही हसऱ्या बाईचं चित्र लावलंत. मर्जी कुठली, नव्या बायकांना उरलीसुरली संध्याकाळ आणि रविवार. ज्यांच्या घरी लहान पोरं त्यांनाच नेमकं काही मिळत नाही. मग बायकांनी आपसात तोड काढली. तिला आम्ही राखण म्हणतो.

पॅकिंगच्या टेबलावर एक मावशी आहे. गोदाम उघडलं तेव्हापासूनची. एकटी जीव, घरी वाट बघणारं कुणी नाही, तिला सकाळ काय आणि दुपार काय. पण जुनी असल्यामुळे तिला आधी निवडायला मिळतं. ती आणि तिच्याबरोबरच्या तिघीचौघी गुरुवारी सगळ्या सकाळी स्वतःच्या नावावर घेऊन ठेवतात. शुक्रवारी चहाच्या सुट्टीत आम्ही कपाटातले फोन काढून एका टेबलाभोवती उभ्या राहतो. मावशी म्हणते, सोडते गं, आणि सोडते. मी तिथेच टपलेली, लगेच उचलते. बाकीचे चहा पीत असतात, कुणाचं लक्षही नसतं. मग माझी संध्याकाळ ती उचलते. बदल्यात तिच्या वाटचं जड सामान मी उचलते, कारण तिचे गुडघे गेलेत. पीठ, पाण्याच्या बाटल्या, कुत्र्यांच्या खाण्याची पोती, सगळं.

यात चोरी कुठेच नाही. घेतलेली शिफ्ट सोडता येते असं तुमच्याच नियमात लिहिलंय, आणि सुटलेली कुणीही उचलावी हेही तुमच्याच. तुम्ही चौघांनी मिळून जे केलं नाहीत ते एका मावशीनं चहा पिता पिता केलं. माझ्यासारख्या दहाबारा जणी आज त्याच्यावर पोरं वाढवतात.

पटलं? आता कपडे बांधा. आणि उवा शाळेत सगळ्याच पोरांना होतात, तुमच्या नवऱ्यालाही झाल्या असतील.

धाकटी

•

३० मार्च

धाकटीस,

उत्तराला उशीर झाला, कामं होती.

तुझं पत्र मी लक्षपूर्वक वाचलं. संधान हा शब्द मी वापरायला नको होता, रागाच्या भरात लिहिला गेला. तुम्ही बायका एकमेकींना धरून राहता हे वाचून बरं वाटलं. त्या मावशींना माझा नमस्कार सांग.

फक्त एक विनंती आहे. १८ एप्रिलला संध्याकाळी शाळेत नाटुकलं आहे आणि ठकी त्यात झाड झाली आहे. झाडाला बोलायचं काही नाही, पण शेवटपर्यंत हात वर करून उभं राहायचं आहे, त्याचा ती रोज सराव करते. ते तेवढं होऊ दे. तू त्या दिवशी ये, नाटुकलं बघ, मग आपण शांतपणे बोलू. मी तिला सांगितलंय की आई पुढच्या रांगेत बसणार. ती फार खूश आहे.

सगळं नीट होईल. घाई करू नकोस.

थोरली जाऊ

•

२२ एप्रिल

जाऊबाई म्हणावं असं तुम्ही काही ठेवलं नाहीत, म्हणून नुसतंच लिहिते.

मावशींना नमस्कार सांग म्हणालात. सांगितला. ती हसून म्हणाली, तुझी जाऊ मनानं चांगली दिसते. त्यानंतर बारा दिवसांनी शिट्टीनं तिला केबिनमध्ये बोलावलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

नोटीस तुम्हाला पाठ असेल, तरी लिहिते. सुटलेली शिफ्ट यापुढे कुणाला उचलता येणार नाही, ती कोणाला द्यायची ते कंप्युटर ठरवील, आणि नव्यांच्या सगळ्याच शिफ्ट तोच लावील. ज्यांनी वारंवार शिफ्ट सोडल्या त्यांनी योजनेचा गैरवापर केला असं समजलं जाईल. वारंवार सोडणारी कोण? मावशीच ना. ती सोडायचीच आमच्यासाठी. आणि नोटिशीच्या दुसऱ्या ओळीत लिहिलंय की कर्मचाऱ्यांत "राखण" या नावानं चालणारा प्रकार कंपनीच्या निदर्शनास आला आहे. हा शब्द आम्ही शिट्टीसमोर कधी काढला नाही. गोदामाच्या बाहेर तो फक्त एका पत्रातून गेला होता, आणि ते पत्र मी माझ्या हातानं पेटीत टाकलं होतं.

मला टेबलाभोवती सगळ्यांसमोर सांगावं लागलं की मीच लिहिलं. दोघी माझ्याशी बोलत नाहीत. एकीनं तर माझ्या डब्याजवळून स्वतःचा डबा उचलून नेला. त्यांची चूक नाही, त्यांच्या जागी मी असते तर झिंज्या उपटल्या असत्या.

अठराला माझी सकाळ होती. मावशीनं ती माझ्यासाठी धरलेली होती. नियम बदलला आणि कंप्युटरनं मला दुपारपासून रात्रीपर्यंतची दिली. सुट्टी मागितली तर शिट्टी म्हणाला आधी कळवायला हवं होतं. मी पोत्यांवर चिकटपट्ट्या मारत होते तेव्हा माझी पोर स्टेजवर हात वर करून उभी होती. हे तुम्हाला माहीत होतं. मला बोलावलंत तेव्हाच माहीत होतं.

तुम्हाला स्वतःचं झालं नाही म्हणून दुसरीचं ओढून घ्यायचं का? हे मी कधी बोलले नसते. आज बोलते, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

•

२८ एप्रिल

धाकटीस,

तुझी शेवटची ओळ मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचली. मग पत्र घडी घालून ठेवलं आणि ठकीला अंघोळ घातली. तुझ्यासारखं तोंड सोडणं मला जमत नाही, म्हणून आज उत्तर देते आहे.

होय, अहवाल मी लिहिला. माझं ते काम आहे. नियमाला बगल देऊन कुणी फायदा घेत असेल आणि मला ते कळलं, तर गप्प बसणं म्हणजे त्यात सामील होणं. तुझं नाव मी घातलेलं नाही, त्याबद्दल खरं तर तू आभार मानायला हवेस. त्या बाईंना काढून टाका असं मी कुठेही लिहिलं नव्हतं. तो निर्णय गोदामाचा आहे. आमच्या साहेबांनी अहवाल वरपर्यंत पाठवला आणि इतका नेमका अहवाल बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता असं म्हणाले, तेही सांगून टाकते.

आणि आता तू विचारतेसच म्हणून स्पष्ट लिहिते. मला ठकी इथेच राहायला हवी आहे. हे मी मनात फार दिवस ठेवलं. ती सकाळी उठून माझ्या अंथरुणात येते. तिला ताप आला की माझी साडी धरून झोपते. तू महिन्यातून एकदा येतेस, बसमधून उतरतेस, तिला चॉकलेट देतेस, आणि घड्याळ बघत बसतेस. तुझी बस, तुझी शिफ्ट, तुझी धावपळ. पोरीला आई हवी असते ती घरात असलेली. मी घरात आहे. माझ्या नोकरीत मला ते जमतं, तुझ्या नोकरीत तुला जमत नाही. त्यात माझा दोष काय?

झाड नाटुकलं संपेपर्यंत दाराकडे मान वळवून बघत होतं. शाळेतल्या बाईंनी दोनदा खुणावलं तरी बघत होतं. घरी आल्यावर तिनं मला विचारलं की आईला रस्ता सापडला नाही का. मी हो म्हटलं. तुझ्यासाठी मी खोटं बोलले, हे लक्षात ठेव.

तुझ्या वेळा बसल्या की पोर तुझी, असं ठरलं होतं. वेळा बसलेल्या नाहीत. ठरल्याप्रमाणेच चाललं आहे.

थोरली जाऊ

•

५ मे

ठरल्याप्रमाणे.

हा शब्द तुम्ही कुठल्या तोंडानं लिहिलात? मी आता तुमच्याशी भांडणार नाही. माझं या आठवड्याचं वेळापत्रक सोमवारी पहाट, मंगळवारी संध्याकाळ, बुधवारी काही नाही, गुरुवारी दुपार, आणि शनिवार-रविवार दोन्ही रात्री. यात पोर कुठे बसवायची ते तुमच्या अहवालात असेल तर कळवा.

मी हरले म्हणून समजा. पण विसरले म्हणून समजू नका.

•

२० जून

धाकटीस,

बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही. रागावली असशील, पण घरच्या माणसांत राग किती दिवस ठेवायचा?

मी पुष्कळ विचार केला. आईपासून मुलीला फार काळ दूर ठेवणं बरं नाही, असं तुझ्या मोठ्या भाऊजींचंही मत पडलं. तेव्हा तू ठकीला थोडे दिवस तुझ्याकडे घेऊन जावंस असं मला वाटतं. दोनतीन आठवडे, फार तर महिनाभर. तेवढाच हवापालट. जुलैच्या आधी नेलंस तर सोयीचं पडेल, कारण पुढे माझ्या कामाचं जरा वेगळं आहे. इथल्या शाळेत मी सांगून ठेवीन, तिचं नाव राहील.

तिला दूध साय काढून लागतं. झोपताना पायावर पांघरूण नको असतं. गोष्टीची तिन्ही पुस्तकं बरोबर देते, ती जपून परत आणावीत.

तुझ्या शिफ्टचं काय ते तू बघशीलच. मनात आणलं तर तुला सगळं जमतं.

तुझी,
थोरली जाऊ

•

२४ जून

जाऊबाई,

हवापालट म्हणे. तुमच्या कामाचं जरा वेगळं म्हणजे काय, ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण आमच्या कँटीनच्या भिंतीवर ते लागलंय. शिट्टीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. एक जुलैपासून मुख्य कचेरीतल्या सगळ्यांनी आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत यायचं, घरून काम बंद. कारणही दिलंय. लवचिकतेचा गैरवापर गोदामांत कसा होतो यावर एक फार नेमका अहवाल आला, तेव्हा घरी बसणारेही असंच काही करत असतील असं वरच्यांना वाटलं.

अहो, तुमचाच अहवाल. आम्ही हसलो, खोटं कशाला बोलू. जिनं माझ्याजवळून डबा उचलला होता तिनं तो परत आणून ठेवला, आणि पोट धरून हसली. शिट्टीला कळेना काय झालं.

मग घरी येताना हसू गेलं आणि संताप आला. तुमच्या वेळा बसत होत्या तोवर पोर तुमची. मी हातापाया पडायची वेळ आली तेव्हा नियम नियम करत बसलात. आता तुमच्या वेळा मोडल्या तेव्हा घरच्या माणसांत राग कशाला. ठकी म्हणजे काय पार्सल आहे, पत्त्यावर कुणी नाही म्हणून परत पाठवायला?

पण नेते. थोडे दिवस नाही, कायमची. येत्या शनिवारी येईन, शाळेतून तिचा दाखला काढून ठेवा. नाव राहू देऊ नका.

माझ्या शिफ्टचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मावशी माझ्याकडे राहायला आली आहे. काम गेल्यावर तिला खोली परवडेना, तेव्हा तिची पेटी मीच डोक्यावर घेऊन आले. अख्खा महिना मला तिच्याशी नजर मिळवता आली नव्हती. ती मात्र पेटी खाली ठेवून म्हणाली, बाई, तुझी पोर आण आता, मी घरीच असते. तिला पळता येत नाही, पण घरात बसता येतं, आणि तुम्ही तिला घरीच तर बसवलंत. माझी शिफ्ट पहाटेची येवो नाहीतर रात्रीची, दार उघडायला घरात कुणीतरी असतं.

पांघरुणाचं माझ्या लक्षात आहे. ती जन्मल्यापासून पाय बाहेर काढूनच झोपते.

धाकटी

•

१० ऑगस्ट

धाकटीस,

सहा आठवडे झाले. मी तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. दोनदा त्या बाईंनी उचलला आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिला. हे सभ्यपणाचं नाही.

मी चुकले असं मी म्हणणार नाही. तुला तेच ऐकायचं आहे हे मला कळतं, पण मी लिहिलं ते खरं होतं, आणि खरं लिहिल्याबद्दल मी माफी मागणार नाही. वरच्यांनी त्याचा काय अर्थ लावला तो माझ्या हातात नव्हता.

आता मी सकाळी जाते आणि दिवे लागल्यावर येते. कचेरीत आमच्या रांगेत सगळे जण कानात काहीतरी घालून बसतात, कुणी कुणाशी बोलत नाही. माझ्यामुळे घरून काम गेलं हे त्यांनाही कळलंय. जेवायला मी एकटी असते. त्याचं मला काही नाही.

घरी आले की मात्र घर खायला उठतं. तिचं टेबल मी हलवलेलं नाही. परवा बाजारात तिच्या मापाचे बूट दिसले, घेतले, आणि मग लक्षात आलं की तिचा पाय आता वाढला असेल आणि किती ते मला माहीत नाही. मला तिची फार आठवण येते. एवढं लिहायला मला दोन दिवस लागले.

मी काही मागत नाही, जे रास्त आहे तेच सांगते. मला रविवारी सुट्टी असते. दर रविवारी ठकीला इकडे आणून सोडत जा, किंवा मी तिकडे येत जाईन. दिवसभर माझ्याकडे, संध्याकाळी परत. मी तिची काकू आहे, आणि वर्षभर तिला मी वाढवलं आहे. एवढा तरी माझा हक्क आहे, असं मला वाटतं. लवकर कळव.

थोरली जाऊ

•

२१ ऑगस्ट

जाऊबाई,

तुमचं पत्र मी मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, फाडून टाक. मी फाडलं नाही. खोटं बोलून मला काही मिळवायचं नाही, म्हणून जे आहे ते लिहिते.

ठकी तुमच्यासाठी रडते. पहिले काही दिवस ती कुणी घास भरवला तर तोंड फिरवायची, काकूच हवी म्हणायची. आता जेवते, पण खेळता खेळता मध्येच थांबून तुमचं काहीतरी सांगते, काकू अशी करते, काकू तशी म्हणते. मला ते ऐकवत नाही. तुमचं नाव निघालं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि पोरीसमोर तोंड दाबून हो का, हो का करावं लागतं. पुस्तकं मात्र खरंच एकटी वाचते. ते तुम्ही केलंत. ते मी नाकारत नाही.

तेव्हा भेटायला बंदी नाही. माझं तुमच्याशी पटणार नाही, या जन्मात तरी नाही, पण तिचं तुमच्याशी पटतं. मी तिला तुमच्यापासून तोडलं तर तुमच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

फक्त रविवारचं जमणार नाही. रविवार मला बहुतेक कामच असतं. नव्यांना कंप्युटर रविवारच देतो, तुम्हाला आकडेवारीवरून माहीत असेल. आणि मी घरात नसताना तुम्ही आलेलं चालणार नाही, कारण मावशी तुम्हाला आत घेणार नाही. मी तिला समजावणार नाही, तिचं काम तुम्ही घालवलंय. ठकीला तुमच्याकडे आणून सोडायचं म्हटलं तर जाऊन येऊन माझा दिवस मोडतो, आणि तेवढा सलग दिवस मला मिळतच नाही. राहिलं काय, तर मी घरी असेन तेव्हा तुम्ही इथे यायचं. आणि मी घरी कधी असेन ते मला गुरुवारी संध्याकाळी कळतं, त्याच्या आधी नाही. पूर्वी हव्या त्या वेळेची शिफ्ट धरून ठेवायला कुणीतरी होतं. तेव्हा मी तुम्हाला महिनाभर आधी वार सांगितला असता, आणि तो रविवारही असता.

काकू कधी येणार, असं ठकीनं विचारलं. मी म्हटलं, गुरुवारी कळेल. काल गुरुवार होता. संध्याकाळ व्हायच्या आधीच ती माझा फोन मांडीवर घेऊन दारात बसली, आणि शिफ्ट आल्या तशा तिनं स्वतः वाचल्या. मग घरभर उड्या मारत सुटली, की बुधवारी दुपारी आईला सुट्टी, बुधवारी काकू येणार. तुम्ही तेव्हा कचेरीत असता हे मी तिला सांगितलेलं नाही.

बुधवारी, दुपारी. जमवता आलं तर या.

धाकटी